सात-दहाची टॅक्सी

गुरुवार, ३ ऑक्टोबर

डोकं नुसतं भणभणतंय! आज संध्याकाळी सातला गावच्या हॉलच्या कमिटीची मीटिंग. नेहमीप्रमाणे सुरुवातीला अल्फोन्सीन आजीने प्रार्थना म्हटली, आमच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, क्री भाषेत. सगळे माना खाली घालून उभे. आमेन झालं आणि बाहेर हॉर्न! "आजी, टॅक्सी आली बरं का तुमची," अध्यक्ष गार्थ म्हणाला, किती गोड आवाजात! तिने कोटाची बटणंही लावली नव्हती. सात वाजून दहा मिनिटं.

आणि मग विषय क्रमांक दोन — 'मूळ रहिवाशांचा सहभाग कसा वाढवावा'! मूळ रहिवासी टॅक्सीत, सहभाग टेबलावर! कमिटीत क्री म्हणून आता एकटी मी. दोन वर्षं हेच चाललंय आणि मला आज दिसलं. कुणा शहाण्याने ठरवली ही टॅक्सी?

शनिवार, ५ ऑक्टोबर

आजीकडे गेले. चुलीवर बॅनक, आमची जाड रोटी, भाजत होती. "पोरी, मी निघाल्यावर तुम्ही काय करता गं तिथे? चहा असतो का?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग तिने हळूच सांगितलं. डॉक्टर म्हणाला, पुढचा वसंत काही दिसायचा नाही. "मला दोन रात्री हॉलमध्ये ठेवा. तीस वर्षं ती फरशी पुसलीय मी. इथे या दोन खोल्यांत माणसं मावायची कुठे?"

आमच्यात गेलेल्याला दफन होईपर्यंत एकटं सोडत नाहीत. लोक बसून राहतात — सूप, चहा, गाणी, गप्पा. आणि हॉलचा नियम काय? दहाला दिवे बंद.

बुधवार, ९ ऑक्टोबर

अर्ज दिला. मार्लिस, आमची सेक्रेटरी : "अगं, विम्यात बसत नाही ते. पण भिंतीवर तिचं चित्र काढतोय ना आपण!" गार्थ म्हणे, मागच्या खोलीला तिचं नाव देऊ.

चित्र काढतील, नाव देतील. किल्ली देणार नाहीत!

टॅक्सीचं विचारलं. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. "ती येतेच की," मार्लिस म्हणाली. येतेच! आपोआप! साळसूद कुठली!

सोमवार, २१ ऑक्टोबर

पुढच्या मीटिंगला आजीला पाच मिनिटं बोलू द्या, म्हटलं. मार्लिस : "पहिला विषय तिचाच तर आहे. प्रार्थना."

आजीला सांगितलं, तर हसली. "माझा विषय? बरं."

गुरुवार, ७ नोव्हेंबर

काय सांगू! आजी काठी टेकत उभी राहिली, डोळे मिटले आणि क्रीत सुरू झाली. सगळ्यांच्या माना खाली. पहिली दोन वाक्यं देवाची. मग — "देवा, या हॉलमध्ये या लोकांची लग्नं झाली, तेव्हा पहाटे चारपर्यंत नाचत होते. गार्थच्या लग्नात त्याचा काका स्टेजमागे ओकला, ते मी पुसलं. तेव्हा दहा वाजलेत असं कुणी म्हणालं नाही. मला दोन रात्री हव्यात. मी ओकणारसुद्धा नाही."

मी ओठ चावून उभी! बाहेर टॅक्सी हॉर्नवर हॉर्न देतेय आणि प्रार्थना मधेच थांबवायची कुणाची छाती? पंचवीस मिनिटं! सगळे शेवटी आमेन म्हणाले. मार्लिसने तर डोळे टिपले. "किती सुंदर! काय म्हणाल्या गं त्या?"

"इतिवृत्तात घे," मी म्हटलं, "सांगते." आणि शब्दन् शब्द सांगितला. काकासकट.

गार्थ लालबुंद झाला. मग म्हणाला, "मत घेऊ." चार विरुद्ध तीन. दोन रात्री मिळाल्या, एका मताने. तीस वर्षं फरशी पुसून एका मताने! आनंद मानू की थोबाडीत देऊ एकेकाच्या?

आजी जाताना म्हणाली, "पुढच्या वेळी चहापर्यंत थांबेन."

मंगळवार, ३ डिसेंबर

पहाटे आजी गेली.

गुरुवार, ५ डिसेंबर

कालपासून आजी हॉलमध्ये आहे. आजची मीटिंग रद्द. माणसं मावत नाहीयेत. गार्थ खुर्च्या लावतोय, मार्लिस कप विसळतेय.

सात-दहाला बाहेर हॉर्न. तरातरा गेले — आज तरी सोडा तिला! ड्रायव्हर बिचारा गोंधळला. "दर महिन्याचं कायमचं बुकिंग आहे, बाई. तुमच्याच नावावर."

आठवलं. दोन वर्षांपूर्वी, आजीच्या पहिल्या मीटिंगच्या आदल्या दिवशी, टॅक्सीसाठी मीच फोन केला होता. म्हातारं माणूस, दमेल म्हणून.

तिला विचारलं नव्हतं.