फोटोची दुमडलेली कड

अप्पा, गेल्या आठवड्यात तुम्हाला पडद्यावर एवढं मोठं करून बघितलं की तुमच्या नखांतला पिवळा रंगसुद्धा दिसला. अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या पावडरीची पिंपं हलवून हलवून तो नखांत जो बसला तो कधी गेलाच नाही. आई म्हणायची, "ह्यांची लग्नातली हळद अजून उतरायचीय." हे संगणकाचं काम मी नोकरी संपल्यावर शिकले. लोकांचे जुने फोटो स्कॅन करायचे, बुरशीचे डाग, ओरखडे काढायचे, उडालेला रंग परत आणायचा, छापायला द्यायचे आणि मग फ्रेमही घरीच करायची. बाल्कनीत पाट टाकून बसते. लाकडाची पट्टी उल्हासनगरहून आणते. तिथला सिंधी दुकानदार दर वेळी म्हणतो, "अम्मा, मशीन पे काट के देता हूँ, दो मिनट का काम है." मी नको म्हणते. "फिर टेढ़ा हुआ तो मेरे को मत बोलना." मी म्हणते, "तुला कशाला बोलू? वाकडा कोपरा मी लोकांना देत नाही, तो माझ्याच घरात बसतो." तो हसतो आणि पट्टी कागदात गुंडाळून देतो. बिल्डिंगमधल्या बायका विचारतात, हे सगळं कुठे शिकलात हो? मी सांगते, कुठे नाही, आपलं आपणच. संगणकापुरतं ते खरं आहे. करवत धरायला कुणी शिकवलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

रविवारी सकाळी आपल्या खोलीच्या दारात तुम्ही बसायचात. कंपनीच्या गेटवर विचारून आणलेल्या फुटक्या खोक्यांच्या फळ्या तासून तुम्ही पट्ट्या काढायचात. कोपरे तिरके कापायला तुमचा स्वतः केलेला लाकडी साचा होता. चाळीत कुणाचं माणूस गेलं की तेराव्याच्या आत त्याचा फोटो तुमच्या फ्रेममध्ये बसून भिंतीवर लागायचा. मी सहावीत असेन. मी कापलेल्या एका कोपऱ्यात फट राहिली, ती मी भुसा सरसात कालवून बुजवली आणि वरून पॉलिशचा बोळा फिरवला. दिसायला काही दिसत नव्हतं. तुम्ही अंगठा फिरवलात आणि थांबलात. "फट कुठं गेली?" "भरली," मी म्हटलं. "भरली का झाकली?" तुम्ही चारही कोपरे उकललेत आणि करवत माझ्या हातात दिलीत. "परत काप. फ्रेम जराशी लहान होईल, होऊ दे." आवाज चढवला नाहीत. तुमचं रागावणं एवढंच असायचं, म्हणून ते लागायचं.

लग्न होऊन मी बदलापूरला आले. हे इंजिनीअर, त्याच एमआयडीसीतल्या दुसऱ्या कंपनीत. सासरी तुम्हाला कुणी कधी कमी लेखलं नाही, हे आधीच सांगते. यांनी तर नाहीच नाही. जे काही होतं ते माझ्याच डोक्यात. घरात सोफा आला आणि त्याच्याबरोबर माझ्या डोक्यातही काहीतरी येऊन बसलं. बाळाचा पहिला वाढदिवस मी दोनदा करायचा ठरवला. शनिवारी यांचे साहेब, त्यांच्या मिसेस आणि ऑफिसातली दोन जोडपी. रविवारी आपली माणसं. तुम्हाला फक्त रविवारचं कळवलं. जागा लहान पडते, हे कारण मी तयार ठेवलं होतं. ते कुणी विचारलंच नाही.

शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. हे खाली कोल्ड्रिंकच्या बाटल्या आणायला गेले होते, मला वाटलं तेच आले. दार उघडते तर तुम्ही. पहिली पाळी संपवून परस्पर आलेले, अंगात कंपनीचा खाकी शर्ट, बगलेत जुन्या चादरीत गुंडाळलेली फ्रेम. बाळाचा सहाव्या महिन्यातला फोटो तुम्ही माझ्याकडून मागून नेला होता, तो तिच्यात बसवलेला. रविवारी माणसं जमतील तेव्हा ती भिंतीवर असावी, म्हणून आदल्या दिवशीच आलात. मागून साहेबांच्या मिसेसनी विचारलं, "कोण आलंय?" आणि मी जीभ उचलून टाळ्याला लावली. "फ्रेमवाले आहेत. ऑर्डर दिली होती."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग चपला दाराबाहेर काढल्यात, आत आलात आणि म्हणालात, "ताई, कुठं लावायची?" जन्मात तुम्ही मला ताई म्हटलं नव्हतं. मी भिंत दाखवली. तुम्ही स्टुलावर चढून खिळे ओठांत धरलेत. हातोडी पिशवीत होतीच. तेवढ्यात हे वर आले. "अरे, अप्..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. मी डोळ्यांनीच नको म्हटलं आणि यांनी बाटल्या टेबलावर ठेवल्या. आता हे जाऊनही बरीच वर्षं झाली. त्या संध्याकाळबद्दल ते माझ्याशी कधी एक शब्द बोलले नाहीत, आणि त्या न बोलण्याची मला शेवटपर्यंत धास्ती होती. साहेबांच्या मिसेस उठून भिंतीपाशी गेल्या. "कोपरे काय सुरेख जुळवलेत हो, जोड दिसतच नाही." तुम्ही खिळे हातात घेऊन म्हणालात, "जमतंय थोडंफार." "आमच्याकडेही दोन फोटो तसेच पडलेत. याल का?" "सुट्टी बघून येतो," तुम्ही म्हणालात आणि खिळे परत ओठांत धरलेत.

साहेबांनी कॅमेरा काढला. बाळाला मांडीवर घेऊन मी सोफ्यावर बसले, बाकीचे भोवती जमले. "सगळ्यांनी इकडे बघा," साहेब म्हणाले. आणि तुम्हीही बघितलंत, अप्पा. स्टुलावरून, मान वळवून, एका हाताने फ्रेम धरून. मग खाली उतरून हातोडी पिशवीत टाकलीत, तर बाळाने तुमच्याकडे दोन्ही हात पसरले. झेपच घेत होता. "अगंबाई, ह्याला तर फ्रेमवालेच आवडले," असं म्हणून सगळे हसले. तुम्हीही हसलात आणि तुमचे हात पाठीमागे घेतलेत. मी चहासुद्धा विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन तुम्ही पांढरा शर्ट घालून आलात. आई भिंतीकडे बघून म्हणाली, "ही कधी लावली?" "काल येऊन लावून गेलो," म्हणालात आणि बाळाला उचललंत. मी दिवसभर वाट बघत होते, तुम्ही स्वयंपाकघरात याल, मला काहीतरी बोलाल. आलात, पण पाणी प्यायला. "श्रीखंड चांगलं झालंय," म्हणालात. रागावला असतात तर मी पाय तरी धरले असते. त्यानंतर बोलावल्याशिवाय तुम्ही आला नाहीत, आणि माझी मान वर होत नव्हती म्हणून मी बोलावणं पुढे ढकलत राहिले. दोन-तीन महिन्यांनी एका लग्नात साहेबांच्या मिसेस भेटल्या. "तुमचे फ्रेमवाले येऊन गेले हो आमच्याकडे. किती सज्जन माणूस. काम करता करता विचारत होते, त्या ताईंचं बाळ चालायला लागलं का?" मी "हो का?" म्हटलं आणि हातातलं ताट तसंच धरून उभी राहिले. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून तुम्ही एक अख्खा रविवार परक्याच्या घरी फ्रेमवाले होऊन बसलात, आणि नातवाची खबर त्यांच्याकडे विचारलीत.

साहेबांनी फोटोची प्रत पाठवली तेव्हा उजव्या कडेला तुम्ही होतात. मी ती कड मागे दुमडली. बाजारातून तयार फ्रेम आणून त्यात फोटो बसवला. दिवाणखान्यात तो इतकी वर्षं लागलेला होता. बाळ चार वर्षांचं असताना तुम्ही वारलात, त्या दिवशीही लागलेला होता, आणि त्यात तुम्ही पाठच्या बाजूला होतात.

आता लेकाने चिखलोलीला फ्लॅट घेतलाय. वास्तुशांतीच्या आधी हॉलच्या एका भिंतीवर घरातल्या सगळ्यांचे फोटो लावायचेत, आणि ते तयार करायचं काम अर्थातच माझं. "आई, तुझ्या बाबांचा एकही फोटो नाही असं कसं होईल? नीट शोध ना." माझ्या लग्नाच्या अल्बमचा पुराच्या पाण्यात लगदा झाला, हे खरंच आहे; त्याच्याआड मी आजवर लपत आले. या वेळी "बघते" म्हटलं. ती तयार फ्रेम उतरवली, मागचे खिळे उपसले आणि कड उलगडली. घडीवरचा रंग पार निघून गेलेला. तुमच्या खांद्याच्या कडेने गुडघ्यापर्यंत एक पांढरी भेग. ती बुजवायला चार दिवस लागले. शेजारचा रंग उचलायचा आणि कणाकणाने भेगेवर ठेवायचा. घाई केली की शर्टाच्या सुरकुत्या सपाट होतात. रंग सुधारायचं बटण दाबलं की तुमची नखं गुलाबी व्हायची, म्हणून ती हाताने राखली.

आणि मग मला दुर्बुद्धी सुचली. स्टूल काढून टाकलं. हातोडी काढली, खिळे काढले, तुम्हाला जरा खाली सरकवलं, मागच्या भिंतीच्या रंगाने रिकामी जागा भरली. तुम्ही पाहुण्यांतले एक होऊन उभे राहिलात. तासभर मला फार बरं वाटलं. लेकाला दाखवायला कसा छान फोटो झाला म्हणून दोनदा उठून लांबून बघितला. मग चेहरा मोठा केला. खिळे होते तिथे संगणकाने ओठ भरले होते. नीटनेटके, किंचित हसरे. ते तुमचे नव्हते. तुमचा ओठ डावीकडे जरा ओढलेला असायचा, इतक्या वर्षांच्या खिळ्यांनीच असेल. एकदा तुम्हाला फ्रेमवाले केलं, आता साहेबांचे पाहुणे करत होते, आणि दोन्ही वेळा माझीच लाज झाकायला. केलेलं सगळं पुसून मूळ फोटोवर आले. आहे तसा, पूर्ण छापून घेतला. फ्रेमच्या खाचेत कड थोडी जातेच, म्हणून छापतानाच चारी बाजूंनी पांढरी जागा सोडायला लावली, तुमचा कोपरसुद्धा लाकडाखाली जाऊ नये म्हणून.

आज सकाळी लेक फ्रेमा न्यायला आला. ही हातात घेऊन म्हणाला, "हा माझ्या वाढदिवसाचा ना? एवढा मोठा कसा झाला?" मी म्हटलं, "कड दुमडलेली होती, उलगडली." "आणि हे स्टुलावर कोण?" "माझे वडील," मी म्हटलं. त्याने फ्रेम डोळ्यांजवळ नेली. "तोंडात खिळे धरलेत. भारीच होते आजोबा." मग फोटोवरून नजर न काढता त्याने विचारलं, "पण दुमडली कशाला होतीस?"

खरं सांगायची हीच वेळ होती, अप्पा. घरात दोघंच होतो, त्याला घाई नव्हती. "तयार फ्रेम लहान पडली," मी म्हटलं.

"तू पण ना आई," तो हसला, "दुमडायला आजोबाच सापडले?" आणि सगळ्या फ्रेमा काखोटीला मारून जिना उतरला.

हे पत्र त्याच फ्रेमच्या पाठीत घालायचं मी ठरवलं होतं. कधीतरी कुणी फ्रेम उघडेल, वाचेल, तेव्हा मी नसेन. काल पुठ्ठा बसवला, खिळे मारले, कडेने कागदाची पट्टी चिकटवली, तोवर या पत्राची पहिली पानं लिहून झाली होती. ती टेबलावरच राहिली. राहिली असं म्हणतेय खरी. ती मी राहू दिली.