मोक काकांचे घड्याळ पोचते करणेबाबत

मी, फुंग विंग-ताक, वय एकोणऐंशी, राहणार काऊलून, हे मृत्युपत्र स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. कलम चार वाचून तो पुन्हा पाहावासा वाटेल, म्हणून दोन प्रती जोडल्या आहेत.

१. राहते घर व बँकेतील ठेवी माझी एकुलती मुलगी सूट-लाय हिला द्याव्यात. नेथन रोडवरचे आमचे दुकान दोन पिढ्या दागिने आणि सात कंपन्यांची घड्याळे विकत होते. एकेक कंपनी स्वतःचे दालन थाटून निघून गेली. शेवटच्या कंपनीने भिंतीवरची अधिकृत विक्रेत्याची पितळी पाटी उतरवून नेली आणि समोरच नवे दालन उघडून सूट-लायलाच तिथे व्यवस्थापक नेमले. मी चौदा महिने तिच्याशी बोललो नाही. ती माझी चूक होती.

२. चिमटे, भिंगे व दुरुस्तीचे टेबल आमचे घड्याळ-कारागीर ताम मास्तर यांना द्यावे. माझ्या शिव्या त्यांनी चाळीस वर्षे ऐकून घेतल्या.

३. कंपनीच्या माणसांनी हमीपत्रावर मारायचा दुकानाचा शिक्काही मागितला होता. मी हरवला म्हणून सांगितले. तो देवघराच्या खणात आहे.

४. फेरीबोटीवर दोर टाकणारे मोक काम-शिंग यांचे नाव एका पोलादी घड्याळासाठी आमच्या प्रतीक्षा-वहीत अकरा वर्षे होते. दर गुरुवारी दुपारी येऊन ते विचारत, "शेठ, आलं का माझं?" एकदाचे घड्याळ आले. त्याच सकाळी एका बिल्डरच्या बायकोने हिऱ्यांचा हार घेतला आणि घड्याळही मागितले. मी देऊन टाकले. मोक काकांना म्हणालो, "अजून नाही आलं, काका."

"बरं. पुढच्या गुरुवारी येतो."

त्या थंडीत ते वारले. अंत्ययात्रेला मी गेलो होतो, खांदाही दिला. पुढच्या गुरुवारी ते आले. नेहमीच्या खुर्चीत बसले, विचारले, गेले. खुर्चीवर मिठाचे पांढरे डाग राहिले.

पितरांच्या सणाला मी कागदी घड्याळ आणून, त्यांना पोचावे म्हणून, त्यांच्या नावाने जाळले. गुरुवारी ते हसले. "शेठ, मला खुळा समजता काय? हमीपत्रावर तुमचा शिक्का कुठंय?"

तेव्हा ते खरे घड्याळच त्या बाईकडून परत विकत घेतले. पण मेलेल्याला वस्तू जाळूनच पोचते, आणि पोलाद काही जळत नाही.

५. दुकान बंद केल्यावर वाटले, सुटलो. मग सूट-लायचा फोन आला, चौदा महिन्यांनी पहिला. "बाबा, तुमचं एक म्हातारं गिऱ्हाईक गुरुवारी इथं येऊन बसतं. आमच्याकडे वेळ ठरवल्याशिवाय कुणाला आत सोडत नाहीत. दारावरचा माणूस म्हणतो, कोणी आलंच नाही. मी त्यांना चहा देते."

"काय विचारतात?"

"तुम्ही कधी येणार, म्हणून."

माझे पाप माझ्या पोरीच्या दारात जाऊन बसले आहे. हे मला सहन होत नाही.

६. म्हणून माझे दहन करू नये. वडिलांनी टेकडीवर घेतलेल्या जागेत पुरावे. ते घड्याळ माझ्या मनगटावर नव्हे, मुठीत द्यावे. ते माझे नाही. सोबत मोक काकांच्या नावाचे, शिक्का मारलेले हमीपत्र ठेवावे. मी स्वतः पोचवीन.

७. सूट-लाय, माझ्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी तुझ्या दालनातली मोक काकांची खुर्ची पाहा. रिकामी असेल तर तुझ्या बापाने शेवटी शब्द पाळला असे समज. शेजारी दुसरी खुर्ची ओढलेली दिसली आणि आम्ही दोघे बसलेले असलो, तर घाबरू नकोस, बाळ. दोघांनाही चहा दे. माझ्यात साखर घालू नकोस.

सही: फुंग विंग-ताक

साक्षीदार:
१. हौ म्यू-लिंग, कागदी वस्तूंची विक्रेती
२. याऊ ची-हांग, वकिलांचे कारकून. (सही करतेवेळी कागदाचा उजवा कोपरा ओला होता. पाणी खारट होते. खोलीत आम्ही तिघेच होतो.)

काऊलून, हाँगकाँग. गुरुवार, ९ नोव्हेंबर २०२३.