धाकटीची सकाळची गोळी

माय, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्यावरचा माझा राग काही जात नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तू अड्याळच्या आपल्या सैपाकघरात पोट धरून बसायचीस. विचारलं की म्हणायचीस, "मूळव्याध हाये वं, उगाच बोभाटा नोको करू." रक्त जात होतं ते दोन हंगाम लपवलंस. कळलं तेव्हा आतड्याचा कॅन्सर पार पसरला होता.

आता तुझ्या धाकटीची पाळी आहे. तिला कॅन्सर नाही, घाबरू नकोस; पण तपासणीत निघालं की तो होण्याचा धोका तिला तुझ्याकडून आलाय. मला नाही आला. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला रोज अ‍ॅस्पिरिन घ्यायला सांगितलं. हो, तीच डोकेदुखीची साधी गोळी! वर्षानुवर्षं घेतली तर धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून दुर्बिणीची तपासणीही चुकवायची नाही. आणि कधीकधी त्याच गोळीनं पोटात रक्तस्राव होतो. "हिच्या बाबतीत फायदा जास्त दिसतो," बाई म्हणाल्या. धाकटी औषध आणायला बाहेर गेली तेव्हा मी माझं विचारलं. त्यांनी साफ नाही म्हटलं. मला अल्सर होऊन गेलाय, मला त्या गोळीचं नुसतं नुकसानच.

रक्ताचं नाव ऐकून धाकटी बिथरली होती. परतताना बसमध्ये म्हणते, "दुखत नाही काही, अन् गोळी कायले खाऊ? तू घेशील तं मी घेईन." तिला ओळखतेस ना तू! कडू काढासुद्धा मी आधी प्यायल्याशिवाय तोंडाला लावत नसे. मी म्हटलं, "घेतो वं बाई, चाल." तेव्हापासून बपेऱ्याहून, तिच्या सासरहून, रोज सकाळी फोन येतो. "घेतली?" "घेतली."

काल ती सहज बोलून गेली, "आठ दिस झाले, पोटात जळजळून राह्यलं. पन तुले काही होत नाही, तं मीच काहून बोंबलू?" मी ओरडलेच, "डॉक्टरले इचारल्याबिगर पुढची गोळी घेऊ नोको!" ती हसली. "मंग तू बी चाल दाखवाले."

आज जातेय तिला घेऊन. मी एकही गोळी घेतलेली नाही, माय, पहिल्या दिवसापासून. हे तिला सांगायचं सोडून तुला लिहीत बसलेय, कारण तू रागावलीस तरी मला ऐकू येणार नाही.