बाद झालेलं मत

आये, काल मत देऊन आले आणि तेव्हापासून तुझ्याशी भांडावंसं वाटतंय. तू जाऊन इतकी वर्षं झाली की आता मीच तुझ्यापेक्षा कितीतरी म्हातारी आहे. तू समोर येऊन उभी राहिलीस तर लोक मलाच तुझी आई म्हणतील. पनवेलच्या शाळेत जायला लागले तेव्हा माझं बोलणं बदललं, तर तू म्हणायचीस, ‘काय गो, शेरातल्यावानी बोलतंस, आमाला समजंल असा बोल.’ पुढे मास्तरीण झाले, जन्मभर पोरांना बाराखडी घोकवली आणि बोलणं आणखीच पुस्तकी झालं. तेव्हा आज हसलीस तरी चालेल, पण ऐकून घे.

आपल्या ओट्यावर उभं राहिलं की मावळतीला मामाचं घर. मधे एक गल्ली, तीही बैलगाडी जेमतेम जाईल एवढी. तुझं माहेर आणि सासर यांत एवढंच अंतर. मामाच्या चुलीवर बोंबील भाजले की वास आपल्या घरात यायचा, मामी पोरांवर ओरडायची ते आपल्याला ऐकू यायचं. दिवाळीत करंजा बंदरावरून मामा कोळंबीचे सोडे आणायचा तर वाटा करायचीही गरज नसायची, तू सरळ त्याच्या घरात शिरून मूठ भरून घ्यायचीस. ‘दादूस, तुजं हे माजं हाय,’ असं म्हणत. तो नुसता हसायचा. तुमची आई लवकर गेलेली, तुला त्यानंच कडेवर वाढवलेलं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मग गावात पक्ष आले. एक मामाचा आणि एक बाचा. कोणता चांगला, कोणता वाईट, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आज कळतंय असंही नाही. मिठागरातल्या मजुरीवरून काहीतरी सुरू झालं आणि बघता बघता गावाच्या दोन चिरफळ्या झाल्या. इकडच्यांनी तिकडच्या लग्नात जेवायचं नाही, तिकडच्यांनी इकडच्या मयताला खांदा द्यायचा नाही. पंचायतीच्या निवडणुकीला मामा उभा राहिला आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या मतांनी पडला. बा विरुद्ध बाजूनं घरोघर फिरला होता. मामाला वाटलं, तूही नवऱ्याच्या मागं गेलीस. भर चौकात त्यानं सांगून टाकलं, ‘आजपासून मना बहीन नाय.’ इकडे बा म्हणाला, ‘त्याच्या वट्यावर पाय टाकलास तर परत या घरात येवाचा नाय.’ तू कोणाला मत दिलं होतंस ते दोघांपैकी एकानंही तुला विचारलं नाही.

त्या वर्षीची भाऊबीज मला विसरता येत नाही. जिला भाऊ नसतो तिनं चंद्राला ओवाळायचं, ही आपली रीत. तू संध्याकाळी ताट केलंस. कणकेचा दिवा, सुपारी, अक्षता. अंगणात येऊन उभी राहिलीस. बीजेची कोर मामाच्या कौलांवर टेकलेली होती, नखाएवढी. मी म्हटलं, ‘आये, तुला तर भाऊ आहे. चंद्राला काय ओवाळतेस?’ तू नुसतं ताट फिरवत राहिलीस. खाली मामा ओट्यावर बसलेला, वर चंद्र. आता तू नक्की कोणाला ओवाळत होतीस ते देवालाच ठाऊक, पण बा आतून खाकरला तेव्हा तू ताट घेऊन आत वळलीस. दरवर्षी हेच. सख्खा भाऊ हाकेच्या अंतरावर बसलाय आणि माझी आई चंद्राला ओवाळतेय. मला दोघांचाही असा राग यायचा की दोघांच्या टोप्या काढून चुलीत घालाव्यात.

मग सरकारनं पंचायतीचा कायदा नवा करायला घेतला. गावच्या निवडणुकीत पक्षाची निशाणी असावी की नसावी, यावर लोकांचं म्हणणं ऐकायला साहेब पनवेलच्या कचेरीत येणार, असं शाळेत गुरुजींनी सांगितलं. मी घरी येऊन तुला सांगितलं ते सहज, बातमी म्हणून. तू मात्र दुसऱ्या दिवशी चिंबोऱ्यांची टोपली डोक्यावर घेतलीस आणि मला म्हणालीस, ‘चल, मना ती कचेरी दाखव.’ बाला सांगितलंस बाजारात चाललेय. कचेरीत सगळे टोपीवाले, कोटवाले, वकील. बाई तू एकटीच. टोपली पायाशी ठेवून भिंतीला टेकून उभी राहिलीस. वकील मोठमोठे शब्द बोलत होते आणि मधूनमधून तुझ्या टोपलीत चिंबोऱ्या नांग्या आपटत खसखस करत होत्या. मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

साहेबांनी विचारलं, आणखी कोणाला काही सांगायचंय का. तू पदर सारखा केलास आणि पुढे झालीस. ‘सायेब, तुमच्या मुंबईच्या राज्याला पक्ष ठेवा, आमी नाय बोलत नाय. पन गावच्या कागदावर पक्ष नको. आमाला पानी पायजे, बांध पायजे. बांधाला कनचा पक्ष?’ लोक माना डोलवायला लागले. साहेबही खूश झालेले दिसले. तिथेच थांबायचं ना! पण तू थांबलीस तर ती तू कसली. म्हणालीस, ‘आनी मना माज्या भावाला ओवालायचा हाय.’ झालं, सगळी कचेरी हसली. साहेब म्हणाले, ‘बाई, हा कायद्याचा प्रश्न आहे, भाऊबिजेचा नाही.’ तू अजिबात न हसता म्हणालीस, ‘तुमचा कायदा झाला की माजी भाऊबीज व्हईल ना, सायेब. करा लवकर.’ येताना चिंबोऱ्या विकायच्या राहूनच गेल्या. रात्री बानं कालवण जेवताना विचारलं, ‘आज बाजार नव्हता वाटतं?’ तू त्याला आणखी एक नांगी वाढलीस.

कायदा झाला तोवर मी बरीच मोठी झाले होते. गावच्या मतपत्रिकेवर पक्षाची निशाणी नाही, साहेब देतील ती साधी निशाणी, असं पेपरात आलं. ते मी तुला मोठ्यानं वाचून दाखवलं. तू हातातलं सूप खाली ठेवलंस. ‘म्हंजे सायबानं आयकलं माजा?’ असं विचारलंस. मी हो म्हटलं. तुझ्यासारखं सांगणारे किती गावांत किती असतील, हे मला कळत होतं, पण तुझा चेहरा बघून हो म्हटलं. त्या दिवशी तू खाडीवर जाताना गाणं म्हणत गेलीस.

आणि झालं काय? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्या निवडणुकीत या बाजूनं बा उभा राहिला आणि त्या बाजूनं मामा. बाला घागर मिळाली, मामाला छत्री. दोन दिवसांत पक्षाच्या जीपगाड्या गावात आल्या, भिंतीभिंतीवर घागरी आणि छत्र्या निघाल्या, आणि पोरंसोरंसुद्धा ओळखायला लागली की घागर म्हणजे इकडचे आणि छत्री म्हणजे तिकडचे. पाऊस पडला तर बाची माणसं छत्री उघडीनात! हसू नकोस, खरंच गोणपाट घेऊन फिरत होती. मामाच्या घरी मामी पाण्याला हंडा घेऊन जायला लागली. तू रंगवलेल्या भिंतीकडे बघत म्हणालीस, ‘कागदावरचा पक्ष काढला, पन मानसाचा कोन काढनार?’ मला वाटलं आता तू हरलीस. पण मताच्या दिवशी तू नवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून निघालीस, लग्नाला निघाल्यासारखी.

मला तेव्हा मत नव्हतं. मी शाळेबाहेर वडाखाली थांबले. तू बाहेर आलीस ती अगदी हलकी होऊन. वाटेत बांधावर आल्यावर मला म्हणालीस, ‘मी दोगांना दिला.’ मला आधी कळेचना. ‘घागरीवर मारला शिक्का, आनी छत्रीवर पन मारला. चांगला दाबून. आता पक्ष नाय ना कागदावर? मग कसला भांडन.’ मी कपाळावर हात मारला. ‘आये, अगं असं नसतं. एकावरच मारायचा. तुझं मत बाद होईल.’ तू उभी राहिलीस. ‘बाद कसा व्हईल? दोन्ही माजीच मानसा हायत.’ मी शिकलेली ना, मी तुला नियम समजावत बसले. तू पदर खोचलास आणि माझ्यापुढे चालायला लागलीस.

मतमोजणीचं मला बानं खूप वर्षांनी सांगितलं, अंथरुणाला खिळल्यावर. टेबलाच्या एका बाजूला तो होता, दुसऱ्या बाजूला मामा. साहेबानं एक कागद वर धरला. दोन शिक्के, दोन्ही ठळक. ‘कोण शहाणा आहे हा? दोघांनाही दिलंय. बाद.’ सगळे हसले. बा म्हणाला, ‘मी तुज्या मामाकडं बगितला, त्यानं माज्याकडं. आमाला दोगांनाबी कललं व्हता.’ बा निवडून आला, पण त्या रात्री त्यानं गुलाल लावून घेतला नाही. कळलं होतं, मग दोन पावलं टाकायला काय झालं होतं, असं मी विचारलं. बा छपराकडे बघत म्हणाला, ‘तो येल असा मना वाटला. त्याला वाटला मी येन.’ दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, ती तू. दोन घरांच्या मधे उभी, आणि दोन्ही घरचे पुरुष एकमेकांची वाट बघतायत.

त्या वर्षीच्या भाऊबिजेला तू पाट मांडलास. बा काही बोलला नाही, हेच तुला पुष्कळ वाटलं. पाटाभोवती रांगोळी काढलीस, दाराकडे तोंड करून बसलीस. कायदा झाला होता, मत दिलं होतंस, आता यायला काय हरकत आहे, असं तुझं सरळ गणित. गल्लीत पाऊल वाजलं की तू उठायचीस. चंद्र मामाच्या कौलांमागे गेला. दिवा विझला, तू परत लावला नाहीस. त्या वर्षी चंद्रालासुद्धा ओवाळलं नाहीस तू. पाट उचलून भिंतीला लावलास आणि म्हणालीस, ‘गुरं बांदली का गो?’ तुझा तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो.

पुढच्या पावसाळ्यात ताप आला आणि तू गेलीस. दिवाळीपर्यंतसुद्धा थांबली नाहीस. सवाष्ण बाईला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, कोण जाणार समोर सांगायला? कोणाला जावं लागलं नाही. मामा गल्ली ओलांडून आला, अनवाणी, हातात हिरवं लुगडं घेऊन. दारात थांबला. बानं त्याच्याकडे बघितलं आणि बाजूला सरकला. ‘ये,’ एवढंच म्हणाला. त्याच्यामागून आलेल्या मामीनं लुगडं उलगडलं तेव्हा मला दिसलं, प्रत्येक घडीवर रंग उडून पांढरी रेघ पडली होती. कापड नवं होतं, एकदाही नेसलेलं नव्हतं, पण घेतलेलं कधीचं होतं. भांडणानंतरच्या पहिल्याच भाऊबिजेचं असणार. इतकी वर्षं ते समोरच्या घरातल्या पेटीत पडून होतं आणि तू चंद्राला ओवाळत होतीस. मामा तुझ्या पायाशी बसून म्हणत होता, ‘बाय, मी आलो. बाय, उठ ना.’

त्यानंतर बा आणि मामा बोलायला लागले. मरेपर्यंत संध्याकाळी एका ओट्यावर बसायचे, एका चंचीतलं पान खायचे. लोकांना कौतुक वाटायचं. मला नाही वाटलं, आये. मी दोघांना चहा द्यायची आणि आत येऊन रडायची. तुझ्या जिवावर जुळलेलं ते नातं मला कधी गोड लागलं नाही.

आता मिठागरं बुजली. गाव शहराच्या महापालिकेत गेलं, पंचायत गेली, तुझा कायदाही तिच्याबरोबर गेला. शहराच्या निवडणुकीत पुन्हा पक्षाची निशाणी असते. या खेपेला एका पक्षाकडून माझा मुलगा उभा होता आणि दुसऱ्याकडून माझ्या भावाचा मुलगा. एकाच बिल्डिंगमध्ये राहतात, लिफ्टमध्ये भेटले तर मोबाइलमध्ये डोकं घालतात. दोघंही माझ्या मांडीवर वाढले. दोघंही येऊन पाया पडून गेले, वेगवेगळ्या वेळेला.

हे सगळं लिहिलं खरं, पण टाकू कुठे, आणि तुला वाचून दाखवणार कोण? तेव्हा राहू दे इथेच. एक सांगायचं राहिलं, ते सांगते आणि उठते. आता कागद नसतो, यंत्र असतं. एक बटण दाबलं की संपलं, दुसरं दाबून उपयोग नसतो. हे मीच गेली कित्येक वर्षं गावातल्या बायकांना समजावते. काल आडोशामागे गेले, एक बटण दाबलं, दिवा लागला, आवाज झाला. मग दुसरंही दाबलं. चांगलं जोरात, अंगठ्यानं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. बाहेरून केंद्रावरचा मुलगा म्हणाला, ‘आजी, झालं तुमचं मत, या बाहेर.’ मी आले. पण झालं नव्हतं गं.