बैलाले हात नाहीत

बा, हे लिहायचं किती दिवस टाळलं. कधी दौत सांडली, कधी मीच उठून दुसऱ्या गावाला गेलो. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, आता घाई तरी कुणाला?

सध्या मी रिसोडच्या वाटेवर डाकेची पिशवी पळत नेतो. काठीला घुंगरं आहेत, त्यानं म्हणे तरस पळतो. तरस काही अजून दिसला नाही. तर पायांचं सांगायचं होतं. दोन्ही पोटऱ्यांत गाठी आल्यात. दोनदा उशीर झाला, उद्या झाला की पिशवी दुसऱ्याच्या खांद्यावर. म्हणून दुपारपासून डाकेच्या चौकीत जवसाचं तेल घेऊन बसलोय, आणि खालून वर चोळायचं की वरून खाली, तेच आठवत नाही.

शेलूबाजारचा शंकरपट आठवतो. शर्यत संपलीय, तुम्ही बैलांचे पाय चोळताय. मी जोडीमागं शेवटपर्यंत पळालेलो, पोटरीचा दगड झालेला. मी पाय तुमच्यापुढं केला. "काय रे, जावई हायेस काय? बैलाले हात नाहीत म्हून चोळून राह्यलो. तुले हायेत ना?" सगळे हसले. मग माझ्याकडं न बघताच तुम्ही तेलाची वाटी सरकवली. "गाठीवर अंगठा ठेव. दाबून धर. दम सोड. ढिली झाली का मंग सरक." कुठं सरक, वर की खाली? आणि ते शिकवणं होतं की हाकलणं, तेही मला अजून कळलेलं नाही. कधी वाटतं, तुमचा बैलांवरच जास्त जीव. कधी वाटतं, मी असा एकटा भटकणार हे तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं.

एक सांगायचं राहिलंय, त्यापायीच टाळत होतो. शेवटच्या दुखण्यात तुम्ही खाटेवर होता. "पाय चोळून दे रे जरासे," म्हणालात. मी म्हणालो, "तुमाले हात हायेत ना?" त्या वेळी कुणी हसलं नाही. तुम्ही खरंच उठून बसलात. हात गुडघ्यापर्यंतच पोचला. मी बघत राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी घर सोडलं.

थांबतो. चौकीच्या ओट्यावर कोणी येऊन बसलंय. आई! घरून, अनसिंगहून चालत आलीय. "पोरानं घुंगरं बांधले म्हने, म्हून पाहाले आली," म्हणते, आणि बोलता बोलता स्वतःची पोटरी दाबतेय. गाठीवर अंगठा, खालून वर.

तिलाही हात आहेत. तरी मी वाटी घेऊन उठतो.