खिशातले पिस्तूल आणि स्वामींचे पाय

निलंगा, वैशाख

भीमाशंकरअप्पांना गुरुपादप्पाचे शरणार्थ. आपला गुडघा आता मांडी घालू देतो की नाही, हे कळवावे. आपल्या भगिनी गंगम्मा खुशाल आहेत. माझे तेवढे विचारू नका.

यंदा आमच्या शिवारात एकाच विहिरीला पाणी राहिले आणि ती माझी निघाली. मी तिच्यावर लोखंडी जाळी टाकून कुलूप लावले. तेव्हा शेजारची धोंडाबाई चारचौघांत म्हणाली, "अप्पा, इहिरीला कुलूप लावलाव, आता डोळ्याला बी लावा. तिथूनबी पाणी जातंय." ही धमकीच आहे असे मला वाटले (गंगम्माला वाटले नाही) आणि खटपट करून मी लहानसे पिस्तूल घेतले.

विकणाऱ्याने बजावले होते की खिशात भरलेले पिस्तूल ठेवणाऱ्याला आधी स्वतःपासूनच भीती असते. म्हणून गोळ्या मी गंगम्माच्या हळदीच्या डब्यात ठेवल्या. (कोणी अंगावर आलाच तर त्याला बसवून, पाणी देऊन, घरी जाऊन यावे लागले असते.) सदऱ्याच्या खिशाला पिस्तुलाचे वजन पेलेना, एका बाजूने मी बैलासारखा झुकून चालू लागलो. शेवटी शिंप्याने बंडीला आतून खिसा शिवून दिला, इतका खोल की कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय काही लागू नये. शिंपी म्हणाला, "आता उलटं टांगलं तरच पडंल."

उलटे कोण टांगणार, म्हणून मी निर्धास्त झालो. आणि सोमवारी विरूपाक्ष स्वामी घरी पादपूजेला आले. पाय धुऊन झाले, मी साष्टांग नमस्कार घालायला परातीवर वाकलो, आणि खिसा सगळाच्या सगळा परातीत रिकामा झाला. पादोदकात पिस्तूल! स्वामींनी पाय वर घेतले, एकवार पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "अर्पण झालं." गंगम्माने लगेच हात जोडले. गुरूच्या पायाशी पडलेले परत कसे मागणार? खिशातले सगळे मठात गेले.

त्यात आपला जिल्हा नवा. परवाना माझा जुना, उस्मानाबादचा, आता लातूरच्या कचेरीत पुन्हा नोंद करायची, हत्यारासकट. कारकुनाने विचारले, "पिस्तूल कुठाय?" मी म्हणालो, "मठात." "मठाचं लायसन आहे?" "नाही." "मग हरवल्याची तक्रार करा, न्हाई तर येत्या सोमवारी घेऊन या. काहीच न्हाई केलं तर तुमच्यावरच केस होईल." तक्रार करावी तर पोलीस मठात जाणार, आणि मग समाजात मला कोण लग्नाची अक्षत देईल? न करावी तर तुरुंग. मठात जाऊन गयावया केली. स्वामी म्हणाले, "कशाला पायजे?" मी म्हणालो, "राखणीला." ते हसले. "आता राखायला काय उरलंय, गुरुपादप्पा?" जेवण जात नाही. आपल्या शब्दाला स्वामी मान देतात, तेव्हा एवढी रदबदली करावी, नाही तर माझे काही खरे नाही.

आपला,
गुरुपादप्पा

ता. क. विहिरीच्या कुलपाची किल्लीही त्याच खिशात होती, हे वर लिहायचे राहिले. त्याच संध्याकाळी स्वामींनी स्वतः कुलूप काढले.

आणखी ता. क. पत्र पाकिटात घालत होतो तोच मठातून निरोप आला. सोमवारी स्वामी माझ्याबरोबर एस.टी.ने लातूरला येणार आहेत आणि पिस्तूल सरकारजमा करणार आहेत. गंगम्माने हळदीचा डबाही त्यांच्याकडे धाडला (गोळ्यांसकट, हळदीसकट, आज वरण पांढरे होते). म्हणजे रदबदलीची गरज उरली नाही. तरी आपण यावेच. येताना आपल्या हदगावच्या बाजारातून लांब, बळकट दोर आणावा. पाणी खाली गेले आहे, दोर ज्याचा त्याने आणायचा असा नियम ठरला आहे, आणि धोंडाबाई तिचा दोर मला द्यायला तयार आहे, पण तिच्या डोळ्यांत बघून मागावा लागतो.