डोक्यावरची रेघ

अब्बा, आज दुपारी कपाटामागची तुमची शेवटची पाटी बाहेर काढली. ‘घरगुती जेवण मिळेल’. निळी अक्षरं, आणि एकाच्याही डोक्यावर रेघ नाही. पानशेतच्या खानावळवाल्याने तुम्ही गेल्यावर फ्लेक्स लावला, त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून पाटी आपल्याकडेच आहे. घर दोनदा रंगवलं, दोन्ही वेळा ती इकडची तिकडे केली, पण टाकून द्यायला हात होईना.

मी अजून किकवीजवळच्या त्याच कारखान्यात आहे. खराब तुकडे वेगळे काढायचे आणि त्यांची मोजणी कागदावर मांडायची, आठ तास उभ्याने. पाय सुजतात. एसटीत जागा मिळाली तर भोर येईपर्यंत डोळा लागलेला असतो. यंदा चीनचं नवं मशीन आलं आणि ते बसवायला तिकडून एक बाई आल्या, माझ्याच वयाच्या. त्यांना मराठी येत नाही, मला चिनी. मध्ये त्यांचा मोबाईल बोलतो. मोजताना आपण चार उभ्या काड्या काढून पाचवी तिरकी मारतो ना, त्याजागी त्यांच्याकडे पाच रेघांचं एक अक्षर आहे: 正. एका तुकड्याला एक रेघ, अक्षर पुरं झालं की पाच तुकडे. कागद त्यांनाही वाचता यावा म्हणून त्यांनी मला ते शिकवलं. पाटीवाल्याची पोर मी, हौसेने शिकले.

पण हाताला वळण तुमचं. भोरच्या ओट्यावर तुम्ही पाट्या रंगवताय, मी शेजारी बसून खडूने गिरवतेय, आणि आधी रेघ ओढली की बोटांवर ब्रशचा दांडा बसतोय. “आदी अंग, मग डोकं. रेघ शेवटाला. भिंतीच न्हाईत अन् छप्पर टाकतीस व्हय?” म्हणून चिनी अक्षराचीही वरची आडवी रेघ मी शेवटालाच ठेवू लागले. एके दिवशी चार तुकडे खराब निघाले. चार रेघा काढल्या, डोक्यावरची तेवढी बाकी होती. बाईंनी कागद पाहिला आणि धावत जाऊन मशीनच बंद केलं. वरच्या रेघेवाचून ते अक्षर वेगळंच होतं म्हणे. त्याचा अर्थ ‘थांबा’.

सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडला, “ताई, काय लिवून ठिवलंय तुमी हितं? लाईन बंद पडली न्हवं!” मान खाली घालून ऐकून घेतलं, या वयात ते फार लागतं. बाईंनी मात्र पेन माझ्या हातात दिलं, वरची रेघ आधी काढायला लावली, आणि मोबाईल म्हणाला, “कृपया डोके प्रथम.” तुम्ही असता तर पोट धरून हसला असता.

मग पानंच्या पानं गिरवली. आता चुकत नाही. पण परवा मुलीच्या वहीवर तिचं नाव घालायला बसले, तर एक अक्षर लिहायच्या आत हात वरची रेघ ओढून मोकळा. मी घाबरलेच. तुमचं म्हणून माझ्यापाशी तेवढंच वळण उरलं होतं, तेही चाललं. ते पुरतं जायच्या आत पाटी संपवायची ठरवली.

ती अर्धी राहिली तेव्हा तुम्ही खाटेवर होतात. डॉक्टरांनी उठायला मनाई केली होती. मी कामावरून आले, तर पाटीकडे बोट करून म्हणालात, “रेघ तेवढी वड, बाय. माज्या हाताला कापरं सुटतंय.” मी म्हणाले, “आज लई दमलेय, अब्बा. रविवारी बघू.” तुम्ही रविवारपर्यंत थांबला नाहीत.

आजही रविवारच आहे. निळ्या रंगाचा डबा नवा आणला, ब्रश तुमचाच. श्वास धरून डावीकडून रेघ ओढत आणली. ‘मिळेल’पाशी ती जरा खाली उतरली. ब्रश तिथंच धरून मी थोडा वेळ थांबले. बोटांवर कुणी मारलं नाही.

हे पत्र पाटीच्या मागे चिकटवून ठेवणार आहे, दुसरा पत्ता मला ठाऊक नाही. एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मी दमले नव्हते, अब्बा. तुमच्यादेखत रेघ वाकडी येईल म्हणून भ्याले होते.